पाकिटावरचे नाव

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या शाळेत नाताळच्या सुट्टीपूर्वी शुभेच्छापत्रांची स्पर्धा असते. शाळा दक्षिण कोकणातल्या एका लहानशा गावातली. वर्गात बहुतेक मुले हिंदूंची, चार-दोन ख्रिस्ती. दिवाळीच्या आधी सगळ्यांनी मिळून आकाशकंदील करायचे आणि नाताळच्या आधी शुभेच्छापत्रे, हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. चित्रकलेचा शिक्षक या नात्याने स्पर्धेचे सूचनापत्रक मीच लिहितो आणि परीक्षकही मीच असतो. त्या पत्रकात एक ओळ मी वर्षानुवर्षे ठळक अक्षरांत लिहीत आलो आहे: ‘शुभेच्छापत्र स्वतःच्या हाताने तयार केलेले असावे.’ ही ओळ लिहिताना माझी लेखणी कधी अडखळली नाही. काही शब्द इतके स्वच्छ वाटतात की त्यांचा अर्थ विचारण्याची गरजच भासत नाही.

त्या वर्षी ४३ पत्रे आली. शाळा सुटल्यावर मी ती स्टाफरूममधल्या लांब टेबलावर मांडली आणि एकेक उचलून पाहू लागलो. आठवीतल्या एका मुलीचे पत्र हातात घेतले आणि लगेच खाली ठेवले. ते देखणे होते यात शंका नाही. फिक्या निळ्या रंगाच्या, ठिकठिकाणी पोपडे आलेल्या भिंतीचा कागद. त्याच्या पायथ्याशी लाल-पांढऱ्या नक्षीच्या फरशीची पट्टी. मध्ये एक खिडकी, तिची दोन्ही दारे खरोखर उघडणारी. आणि वर नाताळचा तारा, कागदाचे तीन थर एकमेकांवर चिकटवून उठावदार केलेला. पण भिंत छापलेली होती, फरशी छापलेली होती, ताराही छापलेला होता. हल्ली संगणकावर अशा चित्रांचे आणि नक्षीच्या कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे मिळतात. हवे ते उतरवून घ्यावे, जुळवावे, छापावे, कापावे आणि चिकटवावे. पाश्चात्त्य देशांत या छंदाची मोठी बाजारपेठ आहे. मी मनाशी म्हटले, यात हिच्या हाताचे काय? आणि ते पत्र बाद झालेल्यांच्या ढिगात टाकले.

पहिले बक्षीस नववीतल्या एका मुलाला मिळाले. त्याने जलरंगांत बर्फाने झाकलेली टेकडी, तिच्यावरची सुचीपर्णी झाडे, उतारावरचे लाकडी घर आणि हरणांची गाडी काढली होती. रंग सफाईने भरलेले होते, आणि पांढरा कागद कोरा सोडून बर्फ दाखवण्याची युक्ती तर मोठ्या माणसालाही सहज साधू नये अशी होती. बर्फ काय असते हे त्या मुलाला ठाऊक नव्हते, मलाही नाही. पण तेव्हा माझ्या हे मनातही आले नाही.

निकाल लागला त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी माझ्यापाशी आली. ती रुसलेली दिसत नव्हती. एखादे गणित सुटले नाही म्हणजे विचारायला यावे तशी आली होती.

“सर, माझं कार्ड बाद का झालं?”

“अगं, हातानं केलेलं हवं होतं. तुझं छापलेलं आहे.”

“पण सर, त्यानं मोबाइलमध्ये बघून काढलं. मी मोबाइलनं फोटो काढून छापलं. दोघांनी बघूनच केलं ना? मग हाताचं म्हणजे काय?”

तेवढ्यात घंटा झाली, म्हणून मी सुटलो.

घंटेने सुटका होते ती वर्गापुरती. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यापुढे चित्रकला शिक्षकाची पदविका. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांशी माझा परिचय नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या त्याही माणसे पाहून, पुस्तके पाहून नव्हे. पण आठवीतल्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही, ही गोष्ट मास्तराला रात्री झोपू देत नाही. दुसऱ्या दिवशी मी ते पत्र ढिगातून काढले आणि तिला बोलावून म्हटले, “हे कसं केलंस ते मला सांग.”

ती सांगू लागली तसतसा मी गप्प होत गेलो. ती भिंत बाजारातल्या गठ्ठ्यातली नव्हती. तिच्या घरच्या स्वयंपाकघराची होती. दुपारच्या उन्हात फोटो घेतला तर निळा रंग पांढरा पडतो, म्हणून तिने तो सकाळी घेतला होता. फरशी ओसरीवरची. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात तिने चित्र आधी व्हॉट्सॲपवरून पाठवले. पण पाठवताना ते आकुंचन पावते, आणि छापल्यावर भिंतीचे पोपडे धुरकट डाग होऊन आले. अर्ध्या ए-फोर कागदावर नीट उमटायचे तर चित्रात आडवे १७४८ आणि उभे २४८० ठिपके तरी हवेत, हे तिला त्या दुकानदाराने शिकवले. मग ती मूळ फोटो पेन ड्राइव्हमध्ये घालून घेऊन गेली. तरी रंग मळकट आला, कारण पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो आणि कागदावरचा शाईचा. प्रकाशाचे रंग मिसळले की उजळतात, शाईचे मिसळले की काळवंडतात. दोनदा उजेड वाढवून पाहिल्यावर तिला घरचा निळा सापडला. जाड कागद दुमडताना घडीवर तडकला. तेव्हा कागदालाही लाकडासारखी धाटणी असते आणि घडी तिच्या दिशेने घालावी लागते, हे तिला कळले. मग शाई संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने आधी रेघ दाबून तिने घडी घातली. ताऱ्याच्या तीन प्रती छापून ब्लेडने कापल्या, आणि मध्ये फोमची चिकटपट्टी लावून एकावर एक बसवल्या. हे सगळे करण्यात तिचे तीन रविवार गेले होते.

मी पत्र उलटे केले. मागे बारीक अक्षरांत तिने लिहिले होते: ‘भिंत आणि फरशी – घरची. तारा – आतेबहिणीने काढलेला. पाने – न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संकेतस्थळावरून.’ आदल्या दिवशी मी हे वाचलेच नव्हते. निकाल देणारे लोक कागदाची मागची बाजू फारशी पाहत नाहीत.

मला वाटते, यंत्र आणि हात यांच्यामध्ये आपण जी रेघ ओढतो, ती फार जुनी नाही आणि फारशी खरीही नाही. नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र १८४३ साली लंडनमध्ये निघाले. पुढे ज्याने व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचा पाया घातला त्या हेन्री कोलने ते जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून काढून घेतले. कारण काय, तर सणाच्या दिवसांत येणाऱ्या ढीगभर पत्रांना हाताने उत्तरे लिहायला त्याला सवड नव्हती. तीनच वर्षांपूर्वी, १८४० साली, इंग्लंडात एका पेनीत पत्र जाण्याची सोय झाली होती, आणि ती घडवून आणण्यात या कोलसाहेबांचाही हात होता. टपाल स्वस्त झाल्यामुळे ओढवलेल्या श्रमातून सुटायला शुभेच्छापत्र जन्माला आले! हजारभर प्रती शिळाछापावर काढल्या, रंग मात्र त्यांत हाताने भरले, आणि उरलेल्या प्रती शिलिंगाला एक अशा विकल्या. म्हणजे ज्या वस्तूला आम्ही आज ‘हाताने केलेली असावी’ अशी अट घालतो, ती मुळात हाताचे काम वाचवण्यासाठीच निघालेली होती.

पुढे रंगीत शिळाछाप आला. जर्मनीत छापलेली फुले, देवदूत, पक्षी, मुले यांची कापून घेतलेली उठावदार चित्रे इंग्लंड-अमेरिकेत ताव्यांनी विकली जाऊ लागली. तिथल्या मुली आणि बायका ती विकत घेत, आपल्या वह्यांत लावत, त्यांची पत्रे सजवत. ती चित्रे कोणी काढली हे त्यांना ठाऊक नसे. आज संगणकावरून उतरवून घेतलेले फूल आणि तेव्हाचे जर्मनीहून आलेले फूल, यांत मला तरी तत्त्वाचा फरक दिसत नाही.

आणि इतक्या दूर तरी कशाला जायचे? राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला; पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. जर्मन यंत्रे, जर्मन कारागीर, आणि त्यांतून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोहोचल्या. माझ्या आजोळच्या देवघरात अशी एक लक्ष्मी होती. तिच्या पातळाला माझ्या पणजीने जरीची खरी किनार शिवली होती, गळ्यात बारीक मणी ओवून चिकटवले होते, आणि मुकुटावर टिकल्या लावल्या होत्या. त्या काळी कित्येक घरांतून बायका असे करीत. ती लक्ष्मी छापील म्हणायची की हाताची? पणजीला हा प्रश्न विचारला असता तर तिला तो कळलाच नसता. ती म्हणाली असती, ‘अरे, ती देवाची आहे.’ या उत्तराकडे मला पुन्हा यायचे आहे.

तेव्हा हात की यंत्र, हा प्रश्न बाजूला ठेवू. मग भेद कशात आहे? प्रामाणिकपणात असेल का? ज्या मुलाला मी बक्षीस दिले त्याने आपले चित्र मोबाइलच्या पडद्यावरून रेघ न् रेघ उतरवले होते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ‘समोर ठेवून काढा’ हे त्याला मीच शिकवले आहे, आणि ज्याच्यावरून काढले त्याचे नाव लिही, असे कधीही शिकवलेले नाही. हाताने केलेली नक्कल आम्हांला कष्ट वाटते आणि यंत्राने केलेली नक्कल चोरी वाटते. वास्तविक नक्कल ती नक्कलच. उलट ज्या मुलीला मी बाद केले तिने काय घरचे आणि काय उसने, याचा चोख हिशोब दिला होता. तिने पाने घेतली ती जिथून घेण्याला मुभा आहे तिथून. मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ साली आपल्याकडच्या ३,७५,०००हून अधिक चित्रांच्या प्रती कोणीही, कशासाठीही वापराव्यात म्हणून खुल्या केल्या. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे चित्र सर्वांचे होते. १९०६ साली वारलेल्या रविवर्म्याची लक्ष्मी आज कोणीही छापावी. पण काल कोणी मुलीने पोटासाठी काढलेले फूल तिला न विचारता उचलणे वेगळे. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही फुले शेजारी शेजारी असतात आणि दोन्ही फुकट दिसतात. ज्या वस्तूला मालक दिसत नाही तिलाही मालक असतो, हे मुलांना शिकवणे आता चित्रकलेच्या शिक्षकाचेच काम झाले आहे.

हे सारे खरे. तरीही प्रामाणिकपणाने चित्र चोख होते, एवढेच. त्याचे शुभेच्छापत्र होतेच असे नाही.

मग कष्टांत असेल का? तीन रविवार खर्ची पडले म्हणून ते पत्र मोलाचे, असे म्हणावे काय? इथे मला माझ्याच आयुष्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगताना अजूनही संकोच वाटतो.

वीस-एक वर्षांपूर्वी माझी पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. त्या दिवाळीला मी ६० शुभेच्छापत्रे केली, सगळी हाताने. जाड कागदातून पणतीचा आकार कापून घ्यायचा, तो कार्डावर ठेवायचा, आणि जुन्या टूथब्रशवर रंग घेऊन कंगव्यावरून घासत त्याचे बारीक तुषार उडवायचे. रंग उडवून उडवून बोटे आठवडाभर केशरी राहिली होती. ती साठ पत्रे मी संपादकांना, समीक्षकांना, ग्रंथालयांच्या चालकांना आणि ज्यांचे नाव पुढे-मागे उपयोगी पडेल अशा प्रतिष्ठितांना पाठवली. कित्येकांची उत्तरे आली. ‘आजच्या धावपळीत स्वतःच्या हाताने कार्ड करणारा माणूस विरळा,’ अशा अर्थाचे कौतुक त्यांत होते. मी ती उत्तरे पुष्कळ वर्षे जपून ठेवली.

त्याच दिवाळीत माझ्या मामांचे पन्नास पैशांचे पोस्टकार्ड आले. मामांचे खेड्यात छोटे वाणसामानाचे दुकान होते. माझे हायस्कूलचे दिवस त्यांच्या घरी, त्यांच्या अन्नावर गेले. पुड्या बांधून निबर झालेल्या हाताने त्यांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. पुस्तक मिळाले, मामी वाचून दाखवते आहे, दिवाळीला जमले तर ये. त्या साठ पत्रांत मामांचे पत्र नव्हते. मी त्यांना विसरलो होतो असे नाही; यादी करताना त्यांचे नाव आठवलेही होते. पण मनाने म्हटले, ते काय, घरचेच आहेत!

माझी साठही पत्रे हाताने केलेली होती, आणि त्यांतले एकही कोणासाठी केलेले नव्हते. ती सर्व माझ्यासाठी होती. हात खोटे बोलत नाही असे आपण मानतो. माझा अनुभव असा की हात उत्तम खोटे बोलतो. त्याला फक्त थोडा सराव लागतो.

म्हणजे हात नव्हे, प्रामाणिकपणाही पुरेसा नव्हे, आणि कष्टही नव्हेत. इथपर्यंत माझा विचार पोहोचला आणि अडला. तो पुढे नेला त्या मुलीनेच.

जानेवारीत मी स्पर्धेची पत्रे ज्याची त्याला परत देत होतो. तिचे पत्र तिच्यापुढे धरले तर ती म्हणाली, “सर, तुम्हांला हवं असेल तर ठेवा हे.”

“अगं, एवढी मेहनत केलीस, आणि टाकून देतेस?”

“हे दुसरं आहे, सर. पहिलं मी नोव्हेंबरातच पप्पांना पाठवलं, कुवेतला. हे स्पर्धेसाठी परत छापलं. ती भिंत पप्पांनीच रंगवली होती, मागं सुट्टीवर आले तेव्हा.”

“मग त्यात काय लिहिलं होतंस?”

ती हसली. “ते सांगतात काय, सर?”

ती गेल्यावर मी त्या कागदी खिडकीची दारे उघडली. आत काही नव्हते. पत्र उघडले, आतली पाने कोरी. मग मला काय वाटले कोण जाणे, मी उरलेली सगळी पत्रे उघडून पाहिली. बहुतेकांत कोरा कागद होता. सात-आठांत ‘सर्वांना हार्दिक शुभेच्छा’ होते. बक्षीस मिळालेल्या बर्फाच्या आत पेन्सिलीने मुलाचे नाव, इयत्ता आणि हजेरीचा क्रमांक होता. ४३ शुभेच्छापत्रे माझ्या टेबलावर होती, आणि त्यांतल्या एकालाही जायला घर नव्हते. कोणाच्या हाताने केले, हे मी वर्षानुवर्षे काटेकोरपणे विचारीत आलो. कोणासाठी केले, हे एकदाही विचारले नाही.

आणि गंमत अशी की शुभेच्छापत्राच्या जन्मदात्याला हे ठाऊक होते. हॉर्स्लीच्या त्या चित्रात मध्ये जेवायला बसलेले कुटुंब आहे, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न-वस्त्र देणारी माणसे आहेत. पण वर आणि खाली दोन जागा कोऱ्या सोडलेल्या आहेत. वरची ज्याला पाठवायचे त्याच्या नावासाठी, खालची पाठवणाऱ्याच्या नावासाठी. सगळे श्रम यंत्रावर सोपवणाऱ्या त्या कामसू माणसाने तेवढे दोन शब्द हातासाठी राखून ठेवले होते. पुढे धंदा वाढला. लुई प्रँग नावाच्या बॉस्टनच्या मुद्रकाने १८८० साली शुभेच्छापत्रांच्या चित्रांची मोठी स्पर्धा भरवली आणि पहिल्या चित्राला १००० डॉलरचे बक्षीस ठेवले. चित्रे नामी आली असतील. पण स्पर्धा आली की पत्राचे प्रदर्शन होते. तो दोष प्रँगचा म्हणावा तर माझाही आहे. शुभेच्छापत्र हे मुळात चित्र नव्हे, ते पत्र आहे; आणि ज्यावर कोणाचे नाव नाही, ते कितीही सुंदर असले तरी पत्र नव्हे.

त्या मुलीने एकच वस्तू दोनदा केली. तोच फोटो, तीच शाई, तोच कागद, तेच हात. त्यांतली एक कुवेतला गेली आणि तिचे पत्र झाले. दुसरी माझ्या टेबलावर आली आणि तिचा नमुना झाला. दोन्हींत जो फरक आहे तो भिंग लावूनही दिसणार नाही. पणजीला विचारले असते तर तिने तो एका वाक्यात सांगितला असता. ज्याचे त्याला पोहोचते की नाही, एवढाच काय तो प्रश्न.

इथे कोणी विचारील, नावच जर सर्वस्व असेल, तर मग दिवाळीच्या पहाटे मोबाइलवर धडकणारी ती पणत्यांची चित्रे काय वाईट? त्यांनाही नाव असते. कित्येकदा तर माझे नाव सुंदर अक्षरांत आपोआप घातलेलेही असते. मग ब्लेड, डिंक, तीन रविवार हा खटाटोप कशाला?

हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळू इच्छीत नाही. माझे उत्तर असे की कष्टाला स्वतःचे मोल नाही, पण कष्टाला वेळ लागतो, आणि त्या वेळात मन कुठे तरी असावे लागते. एका बोटाने चित्र पुढे सरकवायला जेवढा क्षण लागतो, तेवढ्यात माणूस आठवून होत नाही. पण ताऱ्याचा एक कोपरा ब्लेडने कापायला दोन मिनिटे लागतात, आणि कोपरे पुष्कळ असतात. हात गुंतलेला असतो, मन मोकळे असते. ते त्या माणसाकडे जाते आणि प्रश्न विचारू लागते. पप्पांना ही भिंत ओळखू येईल का? निळा हाच होता ना? त्यांना काय पाहायला आवडेल? ती मुलगी रंग उजळवण्यासाठी दुकानात तीन खेपा घालीत होती, ती चित्र चांगले दिसावे म्हणून नव्हे. दूरच्या माणसाला आपले घर ओळखू यावे म्हणून. हाताचे काम म्हणजे दुसऱ्याचा विचार करण्यासाठी स्वतःला घातलेली अट, एवढाच मला त्याचा अर्थ लागतो. ती अट यंत्रानेही पाळता येते आणि कुंचल्यानेही मोडता येते. माझ्या साठ पणत्यांच्या वेळी मन साठ वेळा मोकळे होते; ते साठही वेळा माझ्याकडेच आले.

पुढे काय केले, हे सांगितले पाहिजे; नुसता पश्चात्ताप लिहून मास्तराची सुटका होत नाही. निकाल मी बदलला नाही. त्या मुलाने माझे नियम पाळले होते. त्याच्याकडून बक्षीस काढून घेतले असते तर एका अन्यायाचे दोन झाले असते. मुलीला मात्र मी वर्गासमोर सांगितले, की तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी आले नव्हते. ती लाजली आणि वर्ग हसला. तेवढ्यावर ते संपले.

यंदाच्या सूचनापत्रकातून मी ‘स्वतःच्या हाताने’ ही ओळ काढली आहे. तिच्या जागी तीन ओळी आहेत. पत्र कोणासाठी ते आधी ठरवा. जे दुसऱ्याचे घ्याल त्याचे नाव मागे लिहा. पत्र एक दिवस मांडू, मग पाकिटात घालून पाठवू. पाकिटे आणि तिकिटे शाळा देणार आहे. आत काय लिहिले ते कोणी वाचणार नाही. अर्थात मग बक्षीस कशाला द्यायचे, हा प्रश्न उभा राहिला, आणि उत्तर न सापडल्यामुळे यंदा बक्षीस नाही. यावर दोन-तीन पालक नाराज आहेत. बक्षिसावाचून मुले मेहनत करणार नाहीत असे त्यांचे म्हणणे. कदाचित ते बरोबरही असतील. ४३च्या जागी वीसच पत्रे येतील, आणि त्यांतली दहा शेवटच्या दिवशी घाईने केलेली असतील. पण दहा पाकिटांवर नावे असतील, एवढी मला आशा आहे.

मुलांना घातलेली अट स्वतःला लागू करायची, म्हणून यंदा मीही एक पत्र करायला बसलो आहे. मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली आहे. चित्र त्यांना दिसणार नाही, रंग दिसणार नाही. माझी चित्रकला इथे काहीच कामाची नाही. पण बोटे शाबूत आहेत, आणि त्या बोटांनी पन्नास वर्षे कागदच हाताळला आहे. तेव्हा थरावर थर चिकटवून काही उठावाचे करावे, असे मनात आले. पण काय करावे? त्यांच्या घरात मी सहा वर्षे जेवलो. तरी त्यांच्या बोटांना कोणती वस्तू ओळखू येईल, कोणती ओळखली म्हणजे बरे वाटेल, हे मला सांगता येईना. शेवटी मामींना फोन केला. त्या पुष्कळ वेळ बोलत राहिल्या. दुकान बंद केल्याला किती वर्षे झाली, पण जुना तराजू मामा अजून उशाशी ठेवतात, रात्री झोप आली नाही की त्याची दांडी चाचपतात. हे मला आजवर ठाऊक नव्हते.

तराजूची पारडी दोनदा कापली, दोन्ही वेळा वाकडी आली. तिसरा कागद आता समोर आहे. पाकीट मात्र मी आधीच करून ठेवले आहे, आणि त्यावर मामांचे नाव लिहिले आहे.